हवा धरली

उसानं भरलेला ट्रॅक्टर रस्त्यात बंद पडला की पहिल्या पाच मिनिटांत तिथं जी माणसं गोळा होतात, त्यांतल्या एकाचाही त्या ट्रॅक्टरशी संबंध नसतो. एक जण डेअरीला दूध घालायला निघालेला असतो, एक जण कुणाच्या तरी दहाव्याला, एक जण कोर्टाच्या तारखेला. पण बंद पडलेलं डिझेल इंजिन दिसलं की आमच्या कृष्णाकाठच्या माणसाला पुढं जाववत नाही. तो मोटरसायकल स्टँडला लावतो, बॉनेटखाली डोकं घालतो, कशाकडं तरी निरखून बघतो आणि सांगतो, "हवा धरलीया."

सांगून झालं की बाजूला होतो. त्याचं काम संपलेलं असतं.

या निदानाची चेष्टा करायचा मोह होतो, पण पंचाईत अशी की ते बहुतेक वेळा बरोबर असतं. डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो. ते नुसती हवा आत घेतं आणि तिला सोळा-सतरापट कमी जागेत कोंबतं. एवढी कोंबल्यावर ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलनं डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. फवाऱ्याला जोर देतो पंप. वातावरणाच्या दीडशे-दोनशेपट दाब तो त्या बोटाएवढ्या पाइपात तयार करतो. आता डिझेल दाबलं तर दबत नाही, हवा दबते. पाइपात एक बुडबुडा शिरला की पंप दाबतो, बुडबुडा दबतो, पंप मागं येतो, बुडबुडा पुन्हा फुगतो. दोघंही दमत नाहीत. दमते ती बॅटरी.

गंमत म्हणजे ज्या रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला हे इंजिन चालवून दाखवलं, त्याच्या इंजिनात तेल आत ढकलायचं काम हवाच करायची. जोरात दाबलेली हवा सोडून तिच्याबरोबर तेल आत फुंकलं जायचं. पुढं १९२७ साली बॉशनं डिझेलचा पंप कारखान्यात घाऊक बनवायला घेतला. तो पंप सगळीकडं गेला आणि इतकी वर्षं कामावर असलेली हवा एकदम बाहेरची ठरली. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर असलं एक इंजिन शेंगतेलावर चालवलं होतं. हे मी एकदा घरी सांगितलं तेव्हा आज्जी म्हणाली, "तरीच शेंगतेल एवढं म्हाग झालंय." स्वतः डिझेल १९१३ साली बेल्जियमहून इंग्लंडला जाताना रात्रीतून जहाजावरून नाहीसा झाला. त्याचं काय झालं असेल याबद्दल बरेच तर्क आहेत. आमच्या रस्त्यावरच्या मंडळींना विचारलं असतं, तर एकच निघाला असता.

आमच्या भागाला या इंजिनाची ओळख ट्रॅक्टरच्या आधीपासूनची. किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना काढला, १९४६ साली ऑइल इंजिनांची वेगळी कंपनी काढली, आणि विहिरीविहिरींवर एका सिलिंडरचं इंजिन येऊन बसलं. त्या इंजिनाला हँडल मारून मोठी झालेली माणसं अजून आहेत आणि त्यांचे कान तपासण्याजोगे आहेत. इंजिन चालू होईना की ती हँडल हळूच फिरवतात आणि नोझलपाशी कान लावतात. नोझल धड असेल तर ते एका ठिकाणी 'कुर्रक्' करतं. नुसतं 'फुस्' झालं तर ते वाहतंय, फवारा मारत नाही. काहीच ऐकू आलं नाही तर डिझेलच पोचत नाही. या तीन आवाजांवर हातात पाना न घेता अर्धं काम होतं. पण कान लावून बसण्यात आब नाही. पाना हातात असला की आब असतो.

म्हणून आमच्याकडं आधी खोलतात, मग ऐकतात.

तात्यांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा ट्रॅक्टर पस्तीस हॉर्सपॉवरचा, तीन सिलिंडरचा, माझ्या जन्माच्या आधीचा. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण आता त्यात कंपनीचं फारसं काही उरलेलं नाही. सीट दुसऱ्या ट्रॅक्टरची, स्टीअरिंग तिसऱ्याचं, एका बाजूचा दिवा मोटरसायकलचा. डिझेलचा काटा कायम 'अर्धी टाकी' दाखवतो. सर्व्हिस स्टेशनला सगळा ट्रॅक्टर धुतला तरी अर्धीच. त्यामुळं खरं किती आहे ते तुरकाठी घालून बघायचं. काठी ओली कुठवर झाली ते कळतं आणि काठीची साल टाकीत राहते. झाकण केव्हाच हरवलंय. त्या जागी आधी मक्याचं कणीस होतं, मग चिंधीचा बोळा आला, आणि आता खताच्या पिशवीचा प्लॅस्टिकचा तुकडा, वरून जुन्या ट्यूबच्या रबरानं करकचून आवळलेला. मूळ झाकणाला बारीक भोक असतं, कारण जेवढं डिझेल जाईल तेवढी हवा आत यावी लागते. नाहीतर टाकीत ओढ बसते आणि डिझेल खाली उतरायचं थांबतं. बाकी सगळीकडून हवा आत येऊ नये म्हणून माणसं झटतात आणि जिथून यायला पाहिजे तिथं ट्यूब आवळून बसतात. तात्यांना हे सांगितलं की ते म्हणतात, "पावसाचं पाणी जातंय आत." तेही खरंच आहे.

तर गेल्या हंगामात हा ट्रॅक्टर बंद पडायला लागला. कसा, तर चांगला चालू व्हायचा, वीस-पंचवीस मिनिटं ट्रॉली ओढायचा, मग आवाज खाली यायचा, पुन्हा वर, पुन्हा खाली, दोन उचक्या आणि बंद. अर्धा तास थांबलं, थोडी खटपट केली की चालू. पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं.

पहिल्याच दिवशी निदान झालं, अर्थातच. ड्रायव्हरनं पाने काढले. हवा काढणं हा एक बघण्याजोगा विधी आहे आणि तो धड करणारा माणूस बघत राहावंसं वाटतं. आधी फीड पंपाचा छोटा दांडा अंगठ्यानं दाबायचा. हवा असेल तर तो पोकळ लागतो, डिझेल आलं की जड होतो. हे बोटाला कळतं, डोळ्याला नाही. मग पहिल्या फिल्टरच्या डोक्यावरचा बोल्ट दोन आटे सैल करायचा. तिथून साबणाच्या पाण्यागत फेस येतो, फेसाचे बुडबुडे होतात, बुडबुड्यांची संख्या कमी होते, आणि मग एकदम स्वच्छ धार. धार आली की दांडा दाबत असतानाच बोल्ट आवळायचा. दाबायचं थांबवून आवळला तर हवा परत आत. मग दुसरा फिल्टर. मग पंपाचा स्क्रू. मग नोझलकडं जाणाऱ्या तिन्ही पाइपांचे नट अठरा-एकोणीसच्या पान्यानं ढिले करायचे आणि सेल्फ मारायचा. प्रत्येक नटातून डिझेल उचकी देत उडायला लागलं की एकेक आवळत यायचं. दुसरा आवळेपर्यंत इंजिन एका पायावर का होईना उठतं, काळ्या-पांढऱ्या धुराचा लोट सोडतं, आणि गर्दीतला जो पहिल्यांदा 'हवा' म्हणाला होता तो आजूबाजूला बघतो.

या कामात पाच-सहा लोक डिझेलनं माखतात. त्यांतले चौघे नुसते बघायला आलेले असतात.

एवढं झालं, ट्रॅक्टर चालू झाला, ड्रायव्हरची पाठ थोपटली गेली. ट्रॉली कारखान्याच्या रस्त्याला लागली आणि पुलाच्या अलीकडं पुन्हा बंद.

इथून पुढं गावात पक्ष पडले. पहिला हवापक्ष, त्याचं म्हणणं असं की ड्रायव्हरनं हवा नीट काढली नाही. दुसरा वॉशरपक्ष. पाइपाच्या जोडाला तांब्याचे वॉशर असतात. ते दाबून दाबून कडक होतात आणि नीट बसत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे ते विस्तवात लाल करून पाण्यात टाकायचे. तांबं मऊ पडतं. काकूनं चुलीवर भाकरी टाकली होती. तवा उतरवून वॉशर घातले गेले. ते तिनं सहन केलं, पण तासाभरानं चहाची गाळणी शोधताना ती डिझेलच्या कॅनच्या तोंडात सापडली आणि त्या संध्याकाळी ट्रॅक्टरपेक्षा मोठा आवाज घरात झाला. वॉशर बसवले, जोडांना वरून अंगाचा साबण फासला (गळती थांबवायला साबण खरोखर चालतो, डिझेलमध्ये तो विरघळत नाही), ट्रॅक्टर चालू झाला. वॉशरपक्ष जिंकला. दुसऱ्या दिवशी ओढ्यात बंद.

तिसरा भेसळपक्ष. त्याला पुरावा लागत नाही. "हल्ली डिझेलच ऱ्हायलं न्हाई." चौथा पाणीपक्ष, आणि याचं मात्र मला पटलं होतं: थंडीच्या दिवसांत रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं, ते पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला बसतं, पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढतात आणि त्यांचा काळा लिबलिबीत थर फिल्टरमध्ये येऊन बसतो. फिल्टर खोलला तर तळाला चमचाभर पाणी निघालंही. ते फेकलं. नवा फिल्टर घातला. ट्रॅक्टर चालू झाला. कधीपर्यंत, ते आता सांगत नाही.

ड्रायव्हरनं एकदा नोझल बाहेर काढून, पाइप जोडूनच ठेवून, फवारा दाखवायला त्याच्यापुढं तळहात धरला. तेव्हा तिथून चाललेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्याचा हात असा काही झटकला की पाना गटारात गेला. त्यानं बरोबर केलं. त्या दाबाचं डिझेल कातडीतून सरळ आत शिरतं. वर टाचणी टोचल्याएवढा ठिपका दिसतो, दुखतही नाही, आणि काही तासांत हात सुजून काळानिळा पडतो. ऑपरेशनशिवाय सुटका नसते, कधी बोट जातं. गर्दीतल्या कुणालाच हे माहीत नव्हतं. भेसळ मात्र सगळ्यांना माहीत होती.

शेवटी पंपच काढायचं ठरलं. पंपाला आमच्याकडं 'मायको' म्हणतात. बंगळूरला १९५१ साली निघालेल्या कंपनीचं ते लघुनाव. २००८ साली कंपनीनं नाव बदलून बॉश करून घेतलं, पण ते गावानं अजून मंजूर केलेलं नाही. मायको काढला की तो पोत्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन, मोटरसायकलवर मधल्या माणसानं धरून तालुक्याला न्यायचा. तिथं 'पंप-नोझल लॅब' असते. ही खोली काचेची, एसीची, आणि चप्पल बाहेर काढून आत जायचं. देवळात शिरताना खिशातला मोबाइल बंद न करणारे तात्या तिथं हात जोडून उभे राहिले. या शिस्तीला कारण आहे. पंपाच्या आतला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात मिलिमीटरचे दोन-तीन हजारांश एवढीच जागा असते. माणसाचा केस साधारण सत्तर हजारांशांचा. त्या जागेत धुळीचा कण शिरला तर ओरखडा, ओरखड्यातून गळती, गळतीनं दाब कमी. असला पंप आम्ही खताच्या पोत्यात घालून आणला होता.

लॅबवाल्यानं आधी पंपाचं सील बघितलं. जास्तीत जास्त किती डिझेल सोडायचं त्याचा स्क्रू तारेनं आणि शिशाच्या ठोकळ्यानं बंद केलेला असतो. चढाला ताकद कमी पडते म्हणून ड्रायव्हर लोक तो फिरवतात. ताकद थोडी वाढते, धूर फार वाढतो. सील तुटलेलं होतं. लॅबवाल्यानं तात्यांकडं बघितलं, तात्यांनी ड्रायव्हरकडं, ड्रायव्हरनं माझ्याकडं. मग पंप बेंचवर चढला. समोर काचेच्या नळ्यांची रांग. पंप फिरायला लागला की प्रत्येक नळीत त्या त्या सिलिंडरच्या वाट्याचं डिझेल पडतं आणि कुणाला जास्त, कुणाला कमी ते उघड दिसतं. तीन नळ्यांत तीन वेगवेगळ्या उंच्या होत्या. लॅबवाला म्हणाला, "एवढ्यावर चालत होता म्हणजे कमालच आहे." तात्यांना ते कौतुक वाटलं.

पंप नीट होऊन आला. बिल तात्यांनी घडी करून टोपीत ठेवलं आणि कुणाला दाखवलं नाही. ट्रॅक्टर एका सेल्फात उठला. आवाज असा की शेजारचे बघायला आले. सगळ्या पक्षांनी मान्य केलं की पंपच होता.

मळ्याच्या वळणावर दोन उचक्या आणि बंद.

आता या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नव्हती. ट्रॅक्टर बंद पडला की अर्धा तास उभा राहायचा आणि मग चालू व्हायचा. त्या अर्ध्या तासात ज्याच्या हातात पाना असेल, श्रेय त्याचं. एकदा तर त्या वेळात कुणीच काही केलं नव्हतं, फक्त काकूनं लिंबू-मिरची बांधली होती. ती चार दिवस मिस्त्री होती.

आणि हवा प्रत्येक वेळी सापडत होती, हे त्याहून वाईट. बोल्ट सैल केला की फेस यायचाच. रोज तेच निदान, रोज खरं, रोज निरुपयोगी. ती कुठून येते, असं विचारलं की हवापक्ष आभाळाकडं हात करायचा.

विचारलं ते त्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं, ज्यानं ड्रायव्हरचा हात झटकला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पाना परत द्यायला आला होता. त्यानं बॉनेट उघडलं नाही. "आता नुकताच बंद पडलाय न्हवं?" एवढं विचारून तो टाकीखाली बसला, टाकीतून निघणारा पाइप फिल्टरपाशी सोडवला आणि बादलीत धरला. टाकी पाऊणभर होती (काटा अर्धीवर). अंगठ्याएवढी धार पडायला पाहिजे. पडली ती दोऱ्याएवढी. मग तुटक झाली. मग थेंब.

मंडळी गप्प बसली. हे अवघड होतं, कारण त्यांच्यातल्या प्रत्येकानं पंप, नोझल, फिल्टर यांबद्दल मत दिलेलं होतं आणि टाकीबद्दल कुणाचंच मत नव्हतं. टाकी म्हणजे नुसता पत्र्याचा डबा; तिला काय होणार?

मिस्त्री काहीच न करता बसून राहिला. बिडी काढली, डिझेल बघून परत ठेवली. थोड्या वेळानं आतून 'डुबुक' झालं आणि धार सुरू. पहिल्यांदा बारीक, मग अंगठ्याएवढी. कुणी हात लावलेला नव्हता.

"आत काय तरी फिरतंय," मिस्त्री म्हणाला. "चालू असताना डिझेलबरोबर वढलं जातंय आन तोंडावर बसतंय. बंद झालं की सुटून वर येतंय. तोंड बंद झालं, की पंप वढायचं सोडत न्हाई. डिझेल मिळना म्हटल्यावर जोडातनं हवा वढतोय. मग तुम्ही बसलाय हवा काढत."

ओढीच्या बाजूची गळती अशीच फसवी असते. डिझेल बाहेर टिपकत नाही, हवा आत जाते; बाहेरून सगळं कोरडं आणि साबण लावून चकाचक.

टाकी उतरवली. डिझेल ड्रममध्ये काढलं, काकूच्या देखत, धोतराच्या फडक्यातून, गाळणीला हात न लावता. मग टाकी उलटी करून हलवली. आधी तुरीच्या काठ्यांची साल पडली, मग कणसाचे दोन दाणे, चिंध्यांचे धागे, काळा गाळ. आणि शेवटी, सगळ्यांनी तोंडं जवळ आणल्यावर, गुटख्याची एक रिकामी पुडी.

ड्रायव्हरकडं सगळ्यांनी एकदम बघितलं. त्याचा गाल फुगलेला होताच. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण ती त्याच्या गालापर्यंत पोचलेली नाही. "आईशप्पथ माझी न्हाई," तो म्हणाला. नीट बोलता यावं म्हणून त्याला थुंकून यावं लागलं, त्यामुळं साक्ष थोडी कमजोर पडली.

मिस्त्रीनं पुडी विजारीवर पुसली. रंग डिझेलनं केव्हाच उडालेला, पण दाबून छापलेले आकडे उजेडाकडं धरल्यावर वाचता आले. किंमत एक रुपया.

त्याबरोबर ट्रॅक्टरचा विषय संपला. एक रुपयाला पुडी कधी मिळत होती, कुणाच्या दुकानात, सुट्टे नसले तर काय द्यायचे, यावर सगळे पक्ष पहिल्यांदाच एकत्र आले. तेव्हा ऊस काय दरानं गेला होता इथपर्यंत चर्चा पोचली. कोर्टाच्या तारखेला निघालेला माणूसही खाली बसला. मग कुणीतरी हिशेब केला की त्या काळात आत्ताचा ड्रायव्हर पाचवीत होता आणि ट्रॅक्टरला ड्रायव्हरच नव्हता.

"मग चालवत कोण हुतं?"

तात्यांनी माळ घातल्याला बरीच वर्षं झाली. वारी चुकत नाही, कांदा-लसूण खात नाहीत, आणि व्यसनी माणसाला ते मळ्याच्या बांधावर उभं करत नाहीत. पण माळ घालायच्या आधीचे तात्या फक्त काकूला आणि आज्जीला माहीत आहेत. आज्जी सोप्यात बसून शेंगा फोडत होती. तिनं पुडीकडं बघितलं, तात्यांकडं बघितलं आणि शेंग फोडली.

तात्यांनी खाकरून घसा साफ केला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "बघत काय बसलायस? टाकी चढव आन आधी हवा काढ."